परसातल्या कळपात नर कोंबडे किती ठेवावेत?



खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली आणि त्यांतली नऊ-दहा फुटली, की घरात सगळ्यांना बरं वाटतं. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाली, तुरे लाल दिसू लागले, की मग कळतं, यातले चार-पाच नर आहेत. निसर्गाचा हिशेबच तसा आहे. पिल्लांत साधारण निम्मे नर, निम्म्या माद्या. सहा महिन्यांत हे नर बांग देऊ लागतात, आपसात झुंजतात, तलंगांच्या मागे लागतात. मग घरोघर तोच प्रश्न येतो. सगळे ठेवायचे, की एक ठेवून बाकीचे विकायचे? एकच ठेवला आणि त्याला मुंगसाने धरलं तर? दोन ठेवले तर एकमेकांचा जीव घेतील का?

प्रश्न दिसायला लहान आहे. पण पुष्कळ घरांत कोंबड्यांचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातचा पैसा असतो. दळण, मुलांच्या वह्या, दवाखान्याला जायचं भाडं अशा खर्चाला तो उपयोगी पडतो. नर जास्त झाले तर दाणे फुकट जातात, कोंबड्यांच्या पाठी सोलवटतात, अंडी घटतात. नर कमी पडला किंवा चुकीचा निवडला तर उबवायला ठेवलेली अंडी फोल जातात. दोन्हीकडून नुकसान आपलंच. म्हणून या पत्रकात हा हिशेब नीट मांडला आहे. वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून कोंबड्याला 'नर' आणि मादीला 'कोंबडी' असेच म्हटले आहे.

आधी एक गैरसमज दूर करू

"नर नसला तर कोंबडी अंडी कशी देईल?" असे अनेक जण विचारतात. कोंबडी नराशिवायही तितकीच अंडी देते. नर लागतो तो अंड्यात पिल्लू धरण्यासाठी. ज्या अंड्यात पिल्लू धरू शकते त्याला फलित अंडे म्हणतात, ज्यात धरू शकत नाही ते अफलित. खायला दोन्ही सारखीच पौष्टिक आहेत.

तेव्हा ज्यांना फक्त अंडी विकायची आहेत आणि पिल्ले काढायची नाहीत, त्यांना नराची गरज नाही. उलट उन्हाळ्यात नर नसण्याचा एक फायदा आहे. चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या घरात इतकी उष्णता होते, की कोंबडी न बसताही फलित अंड्यातले बीज जागे होते, थोडे वाढते आणि मरते. असे अंडे लवकर नासते. अफलित अंड्यात वाढायला काही नसतेच, म्हणून ते जास्त टिकते.

मग नर करतो काय?

पिल्ले काढायची असतील तर नराशिवाय गत्यंतर नाही. त्याशिवाय मोकळ्या फिरणाऱ्या कळपात तो राखणही करतो. घार दिसली की तो एका तऱ्हेचा आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपाखाली शिरतात. कुत्रे किंवा मुंगूस दिसले की आवाज वेगळा असतो, तो ऐकून कोंबड्या माना वर करून बघू लागतात. एखादा किडा सापडला की चांगला नर तो स्वतः गिळत नाही, टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो. या सगळ्या कामाला लहान कळपात एक नर पुरतो. नर दुप्पट केले म्हणून राखण दुप्पट होत नाही.

हिशेब सोपा आहे: दहाला एक

परसातल्या देशी कोंबड्यांसाठी दर ८ ते १० कोंबड्यांमागे एक नर धरावा. नर तरणा आणि चपळ असेल तर १२ कोंबड्यांपर्यंतही चालते. म्हणजे असे:

५ ते १२ कोंबड्या: एक नर.
१३ ते १६ कोंबड्या: एक नर, आणि हाताशी एक वाढता पट्टा राखीव.
१७ ते २५ कोंबड्या: दोन नर.
२६ ते ३५ कोंबड्या: तीन नर.

यात मोजायच्या त्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या. पिल्ले, लहान तलंगा आणि खुडूक बसलेल्या कोंबड्या धरू नयेत. पुष्कळदा इथेच चूक होते. खुराड्यात बारा दिसतात, पण त्यांतल्या तीन पिल्लांबरोबर असतात, दोन खुडूक असतात. नराच्या वाट्याला उरतात सात.

आणखी एक गोष्ट बघा. गावात कोंबड्या कुंपण मानत नाहीत. शेजारशेजारच्या तीन घरांत चार-चार कोंबड्या आहेत आणि तिन्ही घरांनी आपापला नर ठेवला आहे, तर प्रत्यक्षात बारा कोंबड्यांना तीन नर झाले. दिवसभर तिघांची झुंज आणि कोंबड्यांचा छळ. अशा ठिकाणी घराचा हिशेब न करता आळीचा हिशेब करावा. तिघांनी मिळून एक उत्तम नर ठेवावा, दाणे आळीपाळीने घालावेत आणि बाकीचे दोन विकावेत.

नर जास्त झाले की काय होते?

कोंबड्यांच्या कळपात मानपान असतो. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी निमूट बाजूला व्हायचे हे ठरलेले असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थोर्लेफ श्येल्डरूप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी, १९२१ च्या सुमारास, कोंबड्यांतली ही टोचण्याची उतरंड बारकाईने नोंदवून दाखवली. नरांची उतरंड वेगळी असते आणि कोंबड्यांची वेगळी. एकदा ती ठरली की भांडणे कमी होतात. नवा नर आणला, जुना विकला, किंवा लहान पट्टे वयात आले, की ती मोडते आणि पुन्हा झुंज सुरू होते.

कोणता नर वरचा हे पहाटे कळते. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले, की नर उजेड पाहूनच बांग देतो असे नाही. त्याच्या शरीरातच घड्याळ असते आणि अंधारातही त्याला वेळ कळते. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' असे आपण म्हणतो. पण झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडं फुटायची वेळ कळते, असे हे संशोधन सांगते! त्यांनीच २०१५ साली पुढे दाखवले, की एकत्र ठेवलेल्या नरांत पहिली बांग वरचा नर देतो आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे देतात. तेव्हा दोन-तीन नर असतील तर चार दिवस पहाटे कान देऊन ऐका. पहिली बांग रोज एकाचीच असेल तर उतरंड ठरली आहे असे समजा.

कोंबड्या कमी आणि नर जास्त असले, की वरच्या नराला सगळ्यांवर नजर ठेवता येत नाही. खालचे नर संधी साधून कोंबड्यांवर चढतात. एक चढला, की दुसरा धावत येऊन त्याला खाली पाडतो. त्यामुळे गंमत अशी होते, की नर जास्त असूनही फलित अंडी कमी मिळतात. आणि मार बसतो तो कोंबडीला. पुढील खुणा दिसल्या तर नर जास्त झाले आहेत असे समजावे:

१. कोंबड्यांच्या पाठीवरची आणि मानेमागची पिसे जाऊन लाल कातडी दिसते.
२. पंखाखाली, बरगडीवर नराच्या नखांचे किंवा पायामागच्या काट्याचे ओरखडे असतात. पिसे बाजूला करून बघावे, वरून दिसत नाहीत.
३. कोंबड्या दिवसाही खुराड्यात, माळ्यावर किंवा गवताच्या गंजीत लपून राहतात, चरायला जात नाहीत.
४. अंडी कमी होतात, किंवा कोंबड्या नेहमीची जागा सोडून भलतीकडे अंडी घालतात.
५. नरांचे तुरे रोज रक्ताळलेले दिसतात.

अशा वेळी औषध शोधत बसू नका. आधी जादा नर बाजूला काढा. पिसे नव्याने यायला काही आठवडे लागतात, पण कोंबड्या दोन-चार दिवसांतच मोकळ्या चरू लागतात. उघडी जखम असेल तर स्वच्छ पाण्याने धुऊन हळद लावावी आणि ती कोंबडी बरी होईपर्यंत डालग्याखाली वेगळी ठेवावी. रक्त दिसले की बाकीच्या कोंबड्याही तिथेच टोचतात. जखमेवर माशी बसून अळ्या पडल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

अंडी फोल गेली. दोष नराचा की आपला?

बारांतली चारच फुटली, की आपण म्हणतो, नर बाद झाला. पण प्रत्येक वेळी दोष नराचाच असतो असे नाही, आणि तो शोधायला फार खर्च येत नाही. कोंबडी बसवल्यापासून सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत अंडी एकेक करून बॅटरीच्या झोतावर धरून बघा. झोत हाताच्या मुठीत धरून अंड्याच्या रुंद टोकाला लावावा. तीन प्रकार दिसतील.

आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला, तर पिल्लू वाढते आहे. अंडे परत कोंबडीखाली ठेवा.

अंडे आरपार स्वच्छ दिसले, तर ते बहुधा अफलित आहे. अशी दोन-तीन असली तर काळजी नाही. निम्मी असली तर नराकडे बघा. तो म्हातारा आहे का, पायाने अधू आहे का, त्याच्या वाट्याला कोंबड्या जास्त आहेत का, की दोन नर एकमेकांना कामच करू देत नाहीत? कडक उन्हाळ्यातही नराची शक्ती घटते. त्याला सावली आणि थंड पाणी मिळते का तेही बघा.

आत रक्ताचे कडे किंवा न हलणारा काळा डाग दिसला, तर अंडे फलित होते पण पिल्लू मेले. हा बहुधा नराच्या कामाचा दोष नसतो. अंडी फार दिवस साठवली, उष्ण जागी ठेवली, कोंबडी वारंवार उठून गेली, किंवा जवळच्या रक्ताची पैदास झाली, की असे होते. उबवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांचीच घ्यावीत. ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, वर फडके झाकून, थंड कोपऱ्यात ठेवावीत.

असे एकदा बघितले, की उगाच चांगला नर कापला जात नाही आणि वाईट नर उगाच सांभाळला जात नाही.

दोन नर ठेवायचेच असतील तर

वीसच्या आसपास कोंबड्या आहेत, दोन नर हवेत. मग ते भांडणार नाहीत असे कसे करायचे? पूर्ण भांडण थांबत नाही, पण पुढील काळजी घेतली तर निभावते.

शक्यतो एकाच कोंबडीखाली वाढलेले दोघे ठेवा. लहानपणापासून एकत्र असलेल्या नरांची उतरंड आधीच ठरलेली असते. दोन वयस्क, अनोळखी नर एकदम एकत्र सोडू नका.

दाणे दोन ठिकाणी टाका, पाण्याची भांडीही दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. एकच भांडे असेल तर वरचा नर तिथे उभा राहतो आणि दुसऱ्याचा कळप उपाशी राहतो.

आडोसे करा. तुरीच्या काट्यांची पेंढी, जुने टोपले, उभी फळी, काहीही चालेल. हरलेल्या नराला आणि दमलेल्या कोंबडीला नजरेआड व्हायला जागा मिळाली पाहिजे. बहुतेक झुंजी पळून जायला वाट नसल्यामुळे वाढतात. म्हणूनच दिवसभर कोंडलेल्या लहान खुराड्यात दोन नर कधीही ठेवू नयेत.

खुराड्यात बसायच्या दांड्या दोन आणि एकाच उंचीवर लावा. वरची जागा एकच असली की तिच्यासाठी रोज संध्याकाळी भांडण होते.

वयस्क नरांचे पायामागचे काटे लांब आणि टोकदार होतात. त्यांचे फक्त टोक कानशीने घासून बोथट करावे. आत जिवंत हाड आणि रक्त असते, म्हणून मुळातून कापू नये.

किरकोळ झुंज झाली तर मध्ये पडू नका. दोन-चार उड्या मारून एक जण मान खाली घालतो आणि प्रकरण मिटते. पण रक्त वाहू लागले, किंवा हरलेला पळाला तरी दुसरा पाठलाग सोडत नाही, तर दोघांना वेगळे करा. दोघांचे जमतच नसेल तर एक आठवडा एकाला मोकळा सोडा आणि दुसऱ्याला जाळीत ठेवा, पुढच्या आठवड्यात उलट करा. कोंबड्या तेवढ्या नसतील तर एक विकलेला बरा. करमणूक म्हणून नरांच्या झुंजी लावणे हा मात्र १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

कोणता ठेवायचा? इथेच खरा तोटा होतो

किती नर ठेवावेत यापेक्षा कोणता ठेवावा हे जास्त महत्त्वाचे आहे. प्रत्येक कोंबडी तिच्या स्वतःच्या पिल्लांना निम्मे गुण देते. पण नर कळपातल्या सगळ्याच पिल्लांना निम्मे गुण देतो. म्हणजे एकटा नर हा अर्धा कळप आहे.

आणि आपण करतो काय? पाव्हणे आले, की जो सगळ्यांत भरलेला नर असेल तो कापतो. जत्रा आली, की सगळ्यांत देखणा तो नवसाला काढतो. बाजाराचा व्यापारी दारात आला, की तो वजनदार दोन निवडून नेतो. जो उशिरा वाढला, ज्याला कोणी गिऱ्हाईक मिळाले नाही, तो घरी उरतो. तोच पुढच्या सगळ्या पिल्लांचा बाप होतो. दरवर्षी असेच चालले, की "आमच्याकडच्या कोंबड्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत" असे म्हणायची पाळी येते. ज्वारीचे बियाणे ठेवताना आपण टपोरे कणीस आधी बाजूला काढतो आणि मग बाकीचे खळ्यावर घेतो. तेच नराच्या बाबतीत करावे. ठेवायचा नर आधी निवडा, मग बाकीचे विका.

निवड दोनदा करावी. पिल्ले अडीच-तीन महिन्यांची झाली, की त्यांतले दोन-तीन चांगले नर हेरून पायात रंगीत चिंधी बांधा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा, की हे विकायचे नाहीत. पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर त्यांतून शेवटचा निवडा. निवडताना हे बघा:

डोळे चमकदार, तुरा लालभडक, चाल ऐटबाज. पाय सरळ, बोटे वाकडी नाहीत, छातीचे हाड सरळ. भावंडांपेक्षा वाढ चांगली. कधी मोठे आजारपण नाही. दाणे दिसले की कोंबड्यांना बोलावतो. पोरांच्या अंगावर धावत नाही.

आणि सर्वांत मुख्य, त्याची आई बघा. नर स्वतः अंडे देत नाही, पण जास्त अंडी देणाऱ्या आणि पिल्ले नीट सांभाळणाऱ्या आईचा गुण तो आपल्या मुलींना देतो. कोणती कोंबडी चांगली आहे हे घरातल्या बाईला तोंडपाठ असते. तेव्हा ही निवड तिला विचारूनच करावी. नुसता रंग आणि शेपटी बघून नर ठेवू नये.

नर वर्षाने बदला

चांगला नर मिळाला म्हणून तीन-चार वर्षे तोच ठेवला, तर दुसरी अडचण येते. त्याच्या मुली सहा-सात महिन्यांत अंड्यावर येतात आणि तो आपल्याच मुलींचा नर होतो. जवळच्या रक्ताची पैदास सुरू झाली, की अंडी कमी फुटतात, पिल्ले अशक्त निघतात, मर वाढते. म्हणून नराच्या मुली अंड्यावर येऊ लागल्या, की नर बदलावा. साधारण वर्ष-सव्वा वर्षाने ही वेळ येते.

यासाठी पैसे लागत नाहीत. चार घरांनी फेरा ठरवावा. पहिल्या घरचा निवडलेला नर दुसऱ्या घरी, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा चौथ्याकडे आणि चौथ्याचा पहिल्याकडे. दरवर्षी नवा नर द्यायचा, पण दिशा तीच ठेवायची. आपल्या घरी जन्मलेला नर आपल्या कळपाला लावायचा नाही, एवढा एकच नियम. मात्र चारही घरांचे कळप रोज एकमेकांत मिसळणारे नसावेत. वेगवेगळ्या वाड्या-वस्त्यांवरची किंवा शेजारच्या गावातल्या पाहुण्यांची घरे निवडलीत तर उत्तम.

बाहेरचा नर आणताना एक धोका असतो, तो मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा. बाजारातून आणलेला एक नर सगळा कळप साफ करू शकतो. तेव्हा जिथे मर चालू आहे अशा गावातून नर आणू नये. आणलेला नर दोन-तीन आठवडे कळपापासून लांब, वेगळ्या भांड्यांत दाणापाणी देऊन ठेवावा. तो ठणठणीत राहिला, तर मग आठवडाभर कळपाशेजारी डालग्याखाली ठेवावा, म्हणजे एकमेकांची ओळख होते. त्यानंतर मोकळा सोडावा. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब आणि आठ आठवड्यांच्या सुमारास मानमोडीची सुई द्यावी. लस कधी उपलब्ध आहे हे जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे आणि चार-पाच घरांनी एकत्र टोचून घ्यावे.

बाकीचे नर कधी विकावेत?

मोकळ्या फिरणाऱ्या नराला आपण रोज मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम दाणे घालतो असे धरले, तर वर्षाला १८ किलो होतात. तीन फाजील नर वर्षभर ठेवले, तर अर्ध्या क्विंटलहून जास्त धान्य गेले. पाच-सहा महिन्यांपर्यंत नराच्या अंगावर मांस चढते, तेव्हा हे दाणे वसूल होतात. त्यानंतर वाढ मंदावते. दाणे तेवढेच खातो, वजन मात्र फारसे वाढत नाही, आणि झुंजीत अंग सोलवटले, की गिऱ्हाईक भाव पाडून मागते.

बाजाराकडेही लक्ष ठेवा. आषाढात मागणी असते आणि श्रावण लागला की ती एकदम पडते. माघात निघालेली पिल्ले आषाढात पाच महिन्यांची होतात. तेव्हा माघात कोंबडी बसवली, तर नर नेमके मागणीच्या वेळी तयार होतात. आपल्या भागातली जत्रा कोणत्या महिन्यात आहे ते बघून मागे पाच-सहा महिने मोजावेत आणि कोंबडी बसवावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: नर कालच मेला. आता ठेवलेली अंडी फुटतील का?
उत्तर: फुटतील. नराचे बीज कोंबडीच्या पोटात साठून राहते. नर गेल्यावरही साधारण आठ-दहा दिवस मिळणारी अंडी उबवायला घेता येतील. पुढे भरवसा कमी होत जातो.

प्रश्न: नवा नर आणला. त्याची पिल्ले कधीपासून धरायची?
उत्तर: याच कारणाने जुन्या नराचा अंश दोन-तीन आठवडे राहतो. जुना नर काढल्यापासून तीन आठवडे थांबावे आणि त्यानंतरची अंडी उबवायला घ्यावीत.

प्रश्न: गिरिराज, वनराज असा सुधारित नर देशी कोंबड्यांवर लावावा का?
उत्तर: लावता येतो, पिल्लांची वाढ चांगली होते. पण हे नर वजनदार असतात. लहान चणीच्या कोंबड्यांच्या पाठीला इजा होते का यावर लक्ष ठेवा, आणि वयाने तरणा नर घ्या. त्याच्या संकरित पिल्लांतला नर पुन्हा पैदाशीला ठेवू नका, गुण विस्कटतात. सगळ्या देशी कोंबड्या मात्र काढून टाकू नका, कारण सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. अंडी उबवायला देशीच लागते. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. सुधारित पिल्लांसाठी तेथे चौकशी करावी.

प्रश्न: नर माणसांच्या अंगावर धावतो. काय करावे?
उत्तर: लहान मुले असलेल्या घरी असा नर ठेवू नये. तो डोळ्यालाच इजा करू शकतो. हा स्वभाव पिल्लांतही उतरतो, म्हणून पैदाशीलाही नको.

प्रश्न: शिंपल्याचा चुरा नरालाही द्यावा का?
उत्तर: नको. चुना लागतो तो अंड्याच्या टरफलासाठी. चुरा दाण्यांत न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या कोंबडीला गरज आहे ती आपणहून खाते.

ध्यानात ठेवा

१. नुसती खाण्याची अंडी विकायची असतील तर नर नको.
२. पिल्लांसाठी अंड्यावरच्या दहा कोंबड्यांमागे एक नर. घरापेक्षा आळीचा हिशेब करा.
३. पाठी सोलवटल्या तर औषधाआधी जादा नर काढा.
४. सातव्या रात्री बॅटरीवर अंडी बघा, मग नराला दोष द्या.
५. उत्तम नराच्या पायात चिंधी बांधा. तो पाव्हण्याला नाही, जत्रेला नाही, व्यापाऱ्याला नाही.
६. वर्ष-सव्वा वर्षाने नर बदला. नवा आणलात तर तीन आठवडे वेगळा ठेवा.

आज संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरताना अंड्यावरच्या किती आहेत आणि नर किती आहेत ते मोजा. दोन आकडे समोर आले, की काय करायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. हे पत्रक शेजारच्या घरीही वाचून दाखवा आणि काही अडलं तर आपल्या पंचायत समितीतील विस्तार अधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर विचारा.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)